दात सर्वांत शेवटी

मार्लिस थीसेन दातांच्या मुळांची डॉक्टर. ब्रँडनमधल्या एकाच दवाखान्यात आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो, ती खुर्चीपाशी आणि मी फोनपाशी. साध्या एक्स-रेच्या धुक्यातही तिला मूळ दिसायचं. मग ऑक्टोबरात त्रिमितीय स्कॅनचं यंत्र आलं. यंत्र आधी आणि शिक्षण मागाहून, तेही जानेवारीत, विनिपेगला. बर्फातला हमरस्ता तिला एकटीला नको होता, म्हणून मी सोबत गेले आणि वर्गात मागे बसले.

प्रत्येकाने आपल्याच रुग्णाचा स्कॅन आणायचा होता. मार्लिसने ऑर्विल पेनरचा आणला. हा आमच्या कर्लिंग क्लबचं, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या मैदानाचं, बर्फ राखतो. त्याच्या वरच्या दाढेच्या मुळांत तिला सहसा न दिसणारी चौथी नळी सापडली होती, ती तिने मोठ्या हौसेने दाखवली.

शिकवणारी कोरीन डेलॉर्म मार्लिसच्या मुलीच्या वयाची. ती म्हणाली, "छान. आता दाढ सोडा आणि बाकीचं वाचा."

"बाकीचं? मी दातांची डॉक्टर आहे, बाई."

"चित्रात आलं ते सगळं आपल्या गळ्यात. कोपऱ्यापासून सुरू करायचं. दात सर्वांत शेवटी."

मार्लिसने चित्र वर सरकवलं. गालामागची, नाकाशी जोडलेली पोकळी हवेमुळे काळी दिसायला हवी होती. ती कशाने तरी भरून राखाडी दिसत होती, आणि एका कडेचं हाड झिजलं होतं.

"कधीचा स्कॅन?" कोरीनने हळू विचारलं.

"नोव्हेंबरातला," मार्लिस म्हणाली आणि उठून बाहेर गेली. मीही गेले. तिने तिथूनच फोन लावला.

"ऑर्विल, नाक कसं आहे?"

"चोंदलंय. बर्फावर राबणाऱ्याचं नाक कधी मोकळं असतं? का हो डॉक्टरबाई, दाढ झाली, आता नाकातही हात घालणार?"

"तुझा स्कॅन मी पुरता वाचला नव्हता. उद्याच नाकाच्या डॉक्टरकडे जायचं. मी येते बरोबर."

"वाईट आहे का?"

"माहीत नाही, ऑर्विल."

परतताना गाडी मी चालवली. वाटेत मार्लिस म्हणाली, "ऑक्टोबरपासूनचे सगळे स्कॅन काढ."

"सगळे?"

"सगळ्यांचे मी दातच पाहिलेत गं."

ऑर्विलच्या पोकळीत बुरशीचा गोळा निघाला. कर्करोग नव्हता. शस्त्रक्रिया झाली, तो बरा आहे. मला वाटलं, आता तरी तिला झोप लागेल. पण ती रोज रुग्ण यायच्या आधी येते आणि जुने स्कॅन कोपऱ्यापासून वाचत बसते. चहा निवून जातो.

आज सकाळी तिने आतून हाक मारली. पडद्यावरच्या एका जुन्या स्कॅनच्या कोपऱ्यावरून नजर न काढता म्हणाली, "या बाईंना फोन लाव. मी बोलते."