दहा लाख तीन

शिरूरच्या कॉलेजात गणिताच्या सरांनी सुट्टीला जाताना आम्हाला एक संख्या दिली होती, दहा लाख तीन. ती मूळ संख्या आहे की नाही, हे हातानं भागाकार करून ठरवायचं. मूळ संख्या म्हणजे एक आणि ती स्वतः, यांखेरीज कशानंच भाग न जाणारी. हजारापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघितलं की पुरे, असं सर म्हणाले. पुरे म्हणे! भागून भागून माझी बोटं दुखायला लागली.

त्यात घरी, कवठ्याला, वहिनी बाळंत झाली. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण आमच्याकडंच. पहाटे कळा सुरू झाल्या तसं आत्यानं मला सुईणीकडं पिटाळलं. आम्ही दोघी आलो तेव्हा अंधारच होता आणि आतून पोरीचं रडणं ऐकू येत होतं. आत्यानं एकटीनंच सगळं निभावलं होतं.

ही आत्या मूळ नक्षत्रावर जन्मलेली. अशी सून सासऱ्याच्या मुळावर येते म्हणतात. लग्नाला वर्ष व्हायच्या आत सासरा गेला आणि तिला माहेरी आणून घातली, ती कायमची. नवरा पुन्हा फिरकला नाही.

दुपारी दादा दौंडहून आला, तिथं तो रेल्वेत होता. लेकीला बघून तसाच गुरुजींकडं गेला. मी ओट्यावर भागाकार करत बसले होते, शेजारी आत्या पोरीला मांडीवर घेऊन. शेवटचा भाग नऊशे सत्त्याण्णवनं द्यायचा होता. बाकी बारा उरली आणि मी ओरडलेच, "मूळ हाय! आत्या, मूळ निघाली!"

आत्याचा चेहरा पांढराफटक पडला. पोरीला पदराखाली घेत ती म्हणाली, "हळू बोल गं बाई. कुणाला सांगू नगंस. तुला माझ्या गळ्याची आन हाय."

"अगं, पोर न्हाई, आकडा!" मी तिला सगळं समजावून सांगितलं.

तिनं त्या भागाकारांवरनं बोट फिरवलं. "मग ह्यो आकडा कुणाच्या मुळावर आला का?"

"न्हाई गं. आकडा कुणाचं काय करंल?"

"मग मी तरी काय केलं हुतं?"

 मला रडूच यायला लागलं.

तेवढ्यात दादा आला, उतरल्या तोंडानं. त्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत मूळ नक्षत्र होतं, जन्म त्यानंतरचा असेल तर काही दोष नाही, असं गुरुजी म्हणाले होते. "आत्या, तूच हुतीस तवा. नक्की कवा झाली?"

आत्यानं पोरीवरची नजर हलवली नाही. "ऊन आलं हुतं उंबऱ्यात. चांगलं लख्ख."

दादानं कपाळावरचा घाम पुसला आणि जिलेबी आणायला गेला. मी आत्याकडं बघत राहिले. आम्ही पोरं एवढंसं खोटं बोललो तरी पाठीत धपाटा घालणारी ही बाई.

"आत्या, अंधार..."

"गप," ती म्हणाली. "माझ्या येळंला खोटं बोलाया कुणी न्हवतं."