इडेलानं घेतलेलं नाव

ओझेला गेदर दरवर्षी जुलैच्या शेवटच्या शनिवारी मरायची. टार्लो ओढ्याच्या पुलावर, भर दुपारी, तापलेल्या डांबरावर ती आडवी पडायची, वरून पांढरी चादर यायची, आणि चादरीखाली ती मनातल्या मनात ब्रदर मिम्सना शिव्या हासडायची. रस्त्यावर आधी काहीतरी अंथरा, हे सांगून सांगून बाईचं तोंड दुखलं होतं. पण ब्रदर मिम्स पडले चर्चमधले जुने माणूस, त्यात नाटक बसवणारे. इडेलाला कुणी अंथरून दिलं नव्हतं, एवढं म्हणून ते तिला गप्प करायचे.

इडेला म्हणजे ओझेलाची सख्खी मावशी. ओझेलाच्या जन्माआधी याच पुलावर गोऱ्यांच्या टोळक्यानं तिची गाडी अडवली होती. त्यांना हवा होता तिचा नवरा रूफस. मालकाच्या पोराला त्यानं उलट उत्तर दिलं होतं, बस, एवढाच गुन्हा. बायकोला ते सोडूनही देणार होते. पण इडेलानं त्यांच्या म्होरक्याला ओळखलं आणि तोंडावर त्याचं नाव घेतलं. मग दोघांनाही गोळ्या घातल्या. खटला नाही, चौकशी नाही. अख्ख्या काउंटीत कुणी म्हणून काही पाहिलं नव्हतं.

ऐकलं मात्र होतं. ओझेलाची आई तेव्हा लहान पोर, ती त्याच गाडीत होती. गाडी थांबताच इडेलानं तिला ओढ्याच्या झुडपात ढकललं होतं. तिनं ते नाव जन्मभर पोटात ठेवलं. एकदाच, शेंगा निवडताना, लेकीच्या कानात सांगितलं आणि लगेच तिचं मनगट धरून म्हणाली की याचा बाहेर ब्र काढायचा नाही.

ते नाव होतं हार्लन स्ट्राउड. लाकडाच्या गिरणीचे स्ट्राउड, ते. आम्हा काळ्या लोकांतल्या म्हाताऱ्या माणसांना हे माहीत नव्हतं असं नाही. पण निम्म्या गावाच्या चुली त्या गिरणीवर पेटत होत्या. म्हणून ब्रदर मिम्सनी पहिल्यांदा हा प्रसंग पुलावर करून दाखवला, तेव्हा त्या जागी अडलंच. इडेला झालेली बाई म्हणाली, ‘मी ओळखते तुला, तू...’ आणि तिची जीभच रेटेना. तेव्हा चर्चमधल्या गाणाऱ्या बायकांनी ओठ मिटून सूर धरला आणि ती जागा झाकून टाकली. तेव्हापासून तोच रिवाज पडला. इडेलानं तोंड उघडायचं, बायकांनी गुणगुणायचं, आणि त्या आवाजात नाव बुडून जायचं. लांबून आलेले लोक डोळे पुसत म्हणायचे, काय सुंदर गाता हो तुम्ही.

ओझेला तशी भित्री बाई नव्हे. शाळेच्या स्वयंपाकघरात तिचा जन्म गेला. गोऱ्या पोरांना आधी वाढा म्हणणाऱ्या हेडमास्तरच्या हातात तिनं पळी दिली होती आणि म्हणाली होती, घ्या, तुम्हीच वाढा. पण या एका नावापुढे तिचंही तोंड शिवलेलं होतं. मग या हिवाळ्यात तिची आई गेली. अंथरुणावर शेवटी शेवटी म्हातारी एकच विचारत राहिली, ‘इडेला काय म्हणाली, ते सांगितलं का गं कुणी?’ ओझेलानं खोटंच हो म्हटलं. तेव्हापासून तिला धड झोप लागली नाही.

जुलै आला तसं तिनं सांगून टाकलं. या वर्षी मी नाव घेणार, बायकांनी गुणगुणायचं नाही. ब्रदर मिम्स बराच वेळ टोपी कुरवाळत बसले आणि मग हो म्हणाले. गाणाऱ्या बायकांतल्या प्रमुख मदर पर्ली, नव्वदीच्या. त्या म्हणाल्या की मी हात वर केला की सूर थांबतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण काही बिनसलं तर तू स्वतः हात वर कर, आम्ही थांबू.

आणि नेमका त्याच आठवड्यात तालमीला वेंडेल स्ट्राउड येऊन उभा राहिला. हार्लनचा नातू. वयानं ओझेलाएवढाच, गिरणी आता त्याच्याच हातात. नाटकात गोऱ्यांची कामं करायला गोरे कधी पुरेसे मिळत नाहीत, म्हणून ब्रदर मिम्सनी कुणाला नाही म्हटलेलं नाही. वेंडेलचा आवाज खणखणीत होता. त्याला टोळक्याच्या म्होरक्याचं काम दिलं. त्याला आजोबाची गोष्ट माहीत आहे की नाही, हे कुणी विचारलं नाही. त्यानं बायकोच्या हातचा पीचचा गोड पदार्थ आणला होता, सगळ्यांनी खाल्ला. ओझेलानं चमचासुद्धा लावला नाही.

तिचा मुलगा टेरेल त्या गिरणीत ट्रक चालवायचा. आई नाव घेणार हे कानावर गेलं तसा तो तिच्या ओट्यावर येऊन बसला.

‘ममा, तू बोलून मोकळी होशील. सोमवारी त्या फाटकातून आत मला जायचंय.’

‘माहीत आहे.’

‘दोन लेकरं आहेत मला.’

टेरेल उठला, गाडीचं दार आपटून निघून गेला. जुलैच्या त्या शनिवारी तो पुलाकडे फिरकणार नव्हता, तो कधीच फिरकत नसे.

शनिवारी पुलावर मुंगी शिरायला जागा नव्हती. जुनी गाडी आली, टोळक्यानं अडवली. रूफसला ओढून नेलं. वेंडेल स्ट्राउडनं ओझेलाचे दोन्ही हात मनगटाशी धरले. त्याच्या तळव्यांना घाम सुटला होता. गर्दीच्या कडेला, गिरणीची टोपी घातलेला टेरेल ओझेलाला दिसला. आला होता तर. तिला वाटलं, गप्प राहावं. देवाशप्पथ, तिला तसंच वाटलं.

‘मी ओळखते तुला,’ ती ओरडली. ‘तू हार्लन स्ट्राउड!’

आणि बायकांनी सूर धरला. इतक्या वर्षांची सवय, ती ऐन वेळी कशी सुटणार? हात वर करायचं मदर पर्लीही विसरल्या आणि स्वतःच गुणगुणू लागल्या. नाव त्यात बुडालं. ते एकाच माणसाला ऐकू गेलं, तिचे हात धरलेल्या माणसाला.

वेंडेल तिच्या कानाशी वाकला. ‘मिस ओझेला, नको. हात जोडतो. आमच्या घरात पण कुणी हे बोलत नाही...’

म्हणजे त्याला माहीत होतं. आधीपासून माहीत होतं! ओझेलाच्या मनातली भीती तिथल्या तिथे संतापानं जळून गेली.

‘हात सोडा माझा,’ ती म्हणाली.

नाटकात म्होरक्या हात सोडत नाही. वेंडेलनं सोडला. ओझेलानं तो वर केला, आणि सूर थांबला. ओढ्याचं पाणी ऐकू यायला लागलं.

‘हार्लन स्ट्राउड,’ ती म्हणाली. या वेळी ओरडायची गरज नव्हती. ‘माझ्या मावशीनं त्या दिवशी हे नाव घेतलं.’

पुढचं वाक्य वेंडेलचं होतं, ‘हिलाही संपवा,’ आणि ते त्याच्या तोंडून फुटेना. लोक एकमेकांकडे पाहू लागले. ब्रदर मिम्स पुढे आले, हळूच म्हणाले, राहू दे, इथंच थांबवू. वेंडेलनं सुटल्यासारखा श्वास टाकला.

‘थांबवायचं नाही,’ ओझेला म्हणाली. ‘नाव घेतलं म्हणून ती मेली. मिस्टर वेंडेल, तुमचं वाक्य म्हणा.’

तो ब्रदर मिम्सकडे वळून पाहू लागला.

‘म्हणा.’

त्यानं म्हटलं. खणखणीत आवाजाचा माणूस, पण शेजारच्यालाही जेमतेम ऐकू गेलं. फळ्या फळ्यांवर आपटल्या, गोळ्यांसारखा आवाज झाला, आणि ओझेला डांबरावर पडली. चादर आली. या वर्षी तिनं चादरीखाली कुणाला शिव्या दिल्या नाहीत. आई, सांगितलं गं, एवढंच ती पुटपुटली.

प्रसंग संपला की टोळक्यानं गाड्यांत बसून निघून जायचं असतं. बाकीचे गेले. वेंडेल टोपी काढून तिथंच उभा होता, आणि त्याच्याकडे कुणी पाहत नव्हतं.

चादर उचलायला दरवर्षी ब्रदर मिम्स येतात. या वेळी ती टेरेलनं उचलली. त्यानं आईच्या पाठीखाली हात घातला.

‘ऊठ ममा. पाठ भाजली असेल.’

‘सोमवारचं काय रे तुझं?’

टेरेलनं वेंडेल स्ट्राउडकडे एकदा नीट पाहिलं.

‘सोमवारी मी वेळेवर जाणार,’ तो म्हणाला, जरा मोठ्यानंच. ‘काय सांगायचं ते त्यांनी मला तोंडावर सांगावं.’