ज्वालामुखीचा कफील

रस्ता वेळेवर झाला की नुसता रस्ता होतो. अडला की किस्से होतात. सौदीत तबूककडे आमच्या रस्ता बांधणाऱ्या कंपनीच्या कॅम्पात ते इतके साठलेत की सुट्टीवर महाडला गेलो, की लोक माझ्या तब्येतीआधी रस्त्याची तब्येत विचारतात.

आमचा रस्ता जुन्या ज्वालामुखीच्या काळ्या दगडांतून जातो. जमीन हलली आणि तो मधोमध फाटला. अलीकडे शहर आणि आमचा कॅम्प, पलीकडे छोटी वस्ती. तिथल्या अबू सालेमच्या बायकोला, उम्म सालेमला, दिवसाआड डायलिसिस लागतं. पूर्वी ती तासाभरात दवाखान्यात पोचायची. आता गाडीने वाळवंटातून वळसा घालायचा, म्हणजे अर्धा दिवस गेला.

डायलिसिसची नर्स आपल्याकडचीच, सांगलीची, सुनंदा सिस्टर. ती मला फोन करायची. "इम्तियाजभाऊ, बाई येते तेव्हा अर्धमेली असते हो. रस्त्याचं काय झालं?" मी म्हणायचो, पुढच्या महिन्यात. दर महिन्याला हेच म्हणायचो.

*

घोडं कुठे पेंड खातंय ते बघायला मी रस्तेवाल्यांच्या ऑफिसात गेलो. साहेबांनी भेगेचे फोटो निरखून पाहिले.

"पुराने गेला असता तर आमचं काम. पूर वरून येतो. हे खालून आलंय. भूगर्भवाल्यांकडे जा."

भूगर्भवाल्यांनी तेच फोटो पाहिले आणि म्हणाले, "खालचं सगळं ठीक आहे. मोडलंय ते वरचं."

*

मग रस्तेवाल्यांचं पत्र आलं, दुरुस्तीच्या अर्जाला ज्वालामुखी पुन्हा हलणार नाही याची हमी जोडा.

आमचे फोरमन दाऊदभाई दापोलीचे. त्यांनी पत्र ऐकलं आणि चहाचा घोट घेतला. "इथे माझी हमी घ्यायला कफील आहे, तुझी घ्यायला कफील आहे. याचा कफील कोण ते विचार, मी सही आणतो."

मी खरंच क्लार्कला विचारलं. तो बिचारा हसलाही नाही. म्हणाला, "आधी त्याच्या इकाम्याचा, राहायच्या परवान्याचा, नंबर दे."

*

रस्त्याच्या आधी पाट्या आल्या. ताशी एकशेवीसची वेगमर्यादा. दाऊदभाईंनी त्या भेगेच्या तोंडाशीच ठोकल्या, कारण हुकूम तसा होता. दोन दिवसांनी पोलीस आला आणि त्याने विचारलं, इथे कुणी वेगमर्यादा मोडतं का?

दाऊदभाई म्हणाले, "अजून तरी नाही."

*

शेवटी सगळ्या खात्यांची मिळून एक कमिटी नेमली. तिने जागा बघायची आणि तिथेच दुरुस्तीच्या मंजुरीवर सही करायची. आणि इथे आड आला खुद्द अबू सालेम!

पाहुणे आपल्या रस्त्यावर येणार आणि उपाशी जाणार, हे त्या म्हाताऱ्याच्या बुद्धीत बसेना. त्यांना दगडांतून चालायला लावणं तर त्याहून वाईट. म्हणून तो पहाटे निघून वळसा घालून अलीकडे यायचा, भेगेच्या आधीच तंबू ठोकायचा. गहवा म्हणजे अरबी कॉफी, खजूर, मग अख्खं कोकरू भातावर. नाही म्हणायची सोय नाही. जेवण, नमाज, पुन्हा चहा. मग कमिटीचे मोठे साहेब घड्याळ बघायचे आणि म्हणायचे, खलास, ऑफिस सुटलं. भेग राहायची पुढच्या खेपेला.

दाऊदभाईंनी त्याला बाजूला घेतलं. "बाबा, एकदा जेवण नको घालू. तुझ्याच बायकोसाठी सांगतोय."

म्हातारा भडकला. "बायको आजारी आहे म्हणून पाहुण्यांना हाकलू?"

मला त्याचा रागही यायचा आणि दयाही.

*

पुढच्या खेपेला तंबूच नव्हता. अबू सालेम एकटाच पडल्या चेहऱ्याने भेगेशी उभा होता. म्हणाला, "आज घरून बोलावणं आहे. बायकोने सांगितलंय, पाहुणे माझ्या दारात जेवतील."

घरचं आमंत्रण मोडता येत नाही. गाडीने वळसा घालावा तर जेवण संध्याकाळी. साहेबांनी पांढरा पायघोळ थोब गुडघ्यापर्यंत उचलला आणि ते चपलांनिशीच त्या धारदार दगडांत उतरले. मागून कमिटी, त्यांच्या मागून आम्ही. घाम, खरचटणं. पलीकडे जेवण मात्र झकास होतं.

हात धुऊन साहेब उठले तेव्हा पडद्याआडून उम्म सालेमचा आवाज आला. "निघताय का? थांबा, मीही येते. आज माझा दवाखाना आहे."

"वळशाने जा की, गाडी आहे ना," अबू सालेम घाबरून म्हणाला.

"पाहुणे चालत जाणार आणि मी गाडीत बसू?"

ती निघाली. एका हाताला नवरा, दुसऱ्या हाताला काठी. चार पावलं चालायची आणि दगडावर बसायची. तिला मागे टाकून पुढे जाणं कुणालाच जमेना. ती बसली की कमिटी उभी राहायची, उन्हात, माना खाली घालून. मला वाटलं, बाई मध्येच कोसळते आता. दाऊदभाई मनातल्या मनात दुआ म्हणत होते.

अलीकडे पोचल्यावर साहेबांनी स्वतः आपल्या गाडीचं दार उघडलं, तिला एसीत बसवलं, पाण्याची बाटली दिली. ड्रायव्हरला दवाखान्याचा पत्ता सांगितला.

मग साहेब गाडी गेली त्या दिशेला बघत उभे राहिले आणि माझ्याकडे पेन मागितलं.