पोचल्याचा फोन

लेस्टरमधल्या कुठल्याही मराठी कुटुंबाला आमच्या समोरच्या घरातल्या काकांना चुकवून इटलीला जाता येत नाही. पासपोर्ट, विमान, हॉटेल या सगळ्या दुय्यम गोष्टी. खरी परवानगी काकांची. तुम्ही तिकिटं काढल्याचं अजून तुमच्या आईवडिलांनाही कळवलेलं नसतं, आणि काका बेलग्रेव्ह रोडवर कोथिंबिरीची जुडी निवडता निवडता विचारतात, "काय रे, हाफ टर्मच्या सुट्टीत इटली ना? रोम आधी की फ्लॉरेन्स?" त्यांना कोण सांगतं हे आजवर कुणालाही कळलेलं नाही. माझ्या बायकोचं म्हणणं असं की इटलीला निघालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर काहीतरी लक्षणं दिसत असणार, आणि काका पडले डॉक्टर.

डॉक्टर म्हणजे भूलतज्ज्ञ. सगळी नोकरी इथल्या हॉस्पिटलांत लोकांना झोपवण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी लोकांची झोप उडवण्याचं काम हाती घेतलं. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती एक लेक एडिनबरात डॉक्टर आहे. ती दिवाळीला येते, दोन दिवस राहते आणि तिसऱ्या दिवशी ड्यूटीवर जाते. मागे एकदा आमच्या दारात उभी राहून ती मला म्हणाली होती, "बाबाला इटलीचा गोष्ट विचारू नका हां. ही जस्ट डझन्ट स्टॉप." न विचारताही ते थांबत नाहीत, हे मी तिला सांगितलं नाही.

निघायच्या आधीच्या रविवारी कुटुंबानं काकांकडे जेवायला जायचं असतं. याला ते प्री-ऑप, म्हणजे ऑपरेशनआधीची तपासणी म्हणतात. प्रवासाचे बूट घालूनच यायचं. दारात स्वागत वगैरे नाही. आधी सगळ्यांना ड्राइव्हवेमधून चालायला लावतात. आमच्या रस्त्यावरच्या सगळ्यांनी घरापुढे गुळगुळीत फरशी घालून घेतली, पण काकांनी जुनी खडी तशीच ठेवली आहे, कारण इटलीतल्या रस्त्यांवर पायांचं हेच होतं. लहान मुलं, आज्या, सुटलेल्या पोटांचे पुरुष अशी वरात त्या खडीवरून जाते आणि काका खिडकीपाशी वाकून प्रत्येकाची टाच बघतात. "हे नवे आहेत. नवे बूट घालून इटलीला जायचं नाही. बदला." एका गृहस्थांनी खूप सांगून पाहिलं की बूट भारी ब्रँडचे आहेत. काका म्हणाले, "ब्रँड दगडाला दिसत नाही." गृहस्थ जुने बूट घालून गेले, आणि परत आल्यावर पेढे घेऊन आले.

मग जेवण. जेवणाच्या टेबलावर काका शहर मांडतात. वरणाचं भांडं म्हणजे मोठा चौक, पोळ्यांचा डबा म्हणजे घुमटवालं चर्च, लोणच्याची बरणी म्हणजे मनोरा, आणि मधून वाहते ती काकडीची कोशिंबीर. मी एकदा भुकेच्या भरात कोशिंबिरीचं भांडं जवळ ओढलं, तर त्यांनी माझा हात धरला. "अरे थांब. आपण अजून नदीच्या अलीकडे आहोत." पोळ्या गार झाल्या, पण पूल ओलांडल्याशिवाय कुणाला कोशिंबीर मिळाली नाही.

काकांच्या सूचना कुठल्या पुस्तकात सापडायच्या नाहीत. "एका दिवसात एकच मोठं काहीतरी बघायचं. दुसरं बघायला गेलात की पहिलं पुसलं जातं." "भांडण सकाळीच उरकून घ्यायचं, हॉटेलातून निघायच्या आधी. सहलीत रोज एक भांडण होतंच. ते उन्हात, रांगेत, रिकाम्या पोटी झालं तर चिघळतं." "व्हेनिसमध्ये नकाशा उघडायचा नाही. पाणी लागेपर्यंत चालायचं, पाणी लागलं की वळायचं." "कॉफी उभ्यानं प्यायची, बसायचं देवळात." इटलीतल्या झाडून सगळ्या चर्चेसना काका देऊळच म्हणतात. "तिसऱ्या दिवशी घरातला पुरुष भात मागणार. त्याला ओरडू नका, रिसोट्टो द्या. रिसोट्टो म्हणजे आपला गुरगुट्या भातच, फक्त जरा मिजाशीत वाढलेला." रोममध्ये बरोबर तिसऱ्या दिवशी मी तोंड उघडलं आणि बायकोनं एक अक्षरही न बोलता रिसोट्टोची बशी माझ्यापुढे सरकवली. पिसाचा मनोरा हातानं धरल्याचा फोटो काढायला त्यांची सक्त मनाई आहे. आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या प्रत्येक घरात तो फोटो आहे, आणि काका येणार म्हटलं की प्रत्येक घरात तो पालथा ठेवतात.

निघताना ते काकूंची जांभळी सुती शाल हातात देतात. तिकडे देवळांत उघड्या खांद्यांनी आत सोडत नाहीत म्हणून. आमच्या ओळखीतल्या किती बायका त्या शालीखाली किती घुमटांमध्ये जाऊन आल्या असतील, कुणास ठाऊक. परत आल्यावर धुऊन, इस्त्री करून ती काकांना द्यायची, हे कुणी कुणाला सांगत नाही. तशी ती परत येते.

पण काकांची खरी अट एकच, पोचल्याचा फोन. दर गावी पोचलं की फोन करायचा. मेसेज चालत नाही. "मेसेज अंगठा करतो, फोन माणूस करतो." तुम्ही फोन लावा, पहिली रिंग पुरी व्हायच्या आत ते उचलतात आणि विचारतात, "पोचलात?" पोचलो म्हटलं की "बरं झालं" म्हणून ठेवून देतात. एक कुटुंब रोमला पोचून फोन करायला विसरलं, तर काकांनी थेट हॉटेलला फोन लावला. रिसेप्शनवरच्या मुलीनं खोलीत कळवलं की तुमचे वडील काळजी करताहेत. त्या गृहस्थांचे वडील सांगलीला होते आणि मजेत घोरत होते.

आता एक सांगायला हवं. काका इटलीला एकदाच गेलेत. लेक प्रायमरीत होती, काकू होत्या, दुकानांत युरो नव्हे, लिरे चालत होते. सगळ्या सूचना त्या एका सहलीतल्या. चर्च आणि पूल जागचे हलत नाहीत म्हणून आमचं निभावून जातं. पण सिएनाला मोठ्या चौकाच्या मागे, उताराच्या गल्लीत, आइस्क्रीमचं एक दुकान होतं. तिथला म्हातारा लिंबाचं आइस्क्रीम द्यायचा. काकू बोलायला लागल्या की हातात काय आहे ते विसरायच्या. त्या दिवशी बोलता बोलता आइस्क्रीम वितळून त्यांच्या कोपरापर्यंत ओघळलं, तेव्हा म्हातारा ओलं फडकं घेऊन बाहेर आला आणि त्यानं दुसरं आइस्क्रीम त्यांच्या हातात ठेवलं. झालं, एवढीच गोष्ट. पण सांगताना काका स्वतःचा कोपर पुसतात. मग म्हणतात, "सिएनाला गेलात की त्या दुकानात जायचं, आणि मला तिथून फोन करायचा."

त्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. ज्या कुटुंबानं हे पहिल्यांदा पाहिलं, त्यांनी सांगितल्याप्रमाणे फोन लावला. पलीकडून काकांनी "आहे ना रे दुकान?" असं अशा काही आवाजात विचारलं की यांच्या तोंडून "हो, आहे की" निघून गेलं. पुढच्या कुटुंबाला त्यांनी सावध केलं, त्यांनी त्याच्या पुढच्याला, आणि बघता बघता तो मंडळाचा नियमच झाला. पण आपल्या माणसांना नुसतं "आहे" म्हणून थांबवत नाही. एकांनी म्हाताऱ्याच्या हातात काठी दिली. दुसऱ्यांनी गल्ल्यावर त्याची नात आणून बसवली. एका उत्साही बाईंनी तर दुकानात एक आंधळं मांजर सोडलं. आमची पाळी आली तेव्हा मी त्या कव्हरांसमोर उभा राहून फोन लावला, आणि काय सांगावं याचा विचार करत होतो तेवढ्यात माझ्या लेकीनं फोन ओढून घेतला. "आजोबा, ही इज हिअर! त्याचा टोपी लाल आहे!"

"लाल? पूर्वी घालत नव्हता तो टोपी," काका म्हणाले.

"बर्थडेला मिळाला."

यावर काका इतके मोकळे हसले की शेजारी उभ्या बायकोलाही ऐकू गेलं. तिनं त्या दुकानातून लिंबांची चित्रं असलेलं एक कव्हर विकत घेतलं. ते अजून कपाटात पडून आहे, काकांसमोर काढायची सोय नाही.

आमच्या रस्त्यावर गुरुवारी कौन्सिलची कचऱ्याची गाडी येते, म्हणून बुधवारी संध्याकाळी सगळे आपापली बिन्स बाहेर आणून ठेवतात. काका आणि माझी गाठ तिथे हमखास पडते. अशाच एका बुधवारी मी विचारलं, "काका, आम्हाला सगळ्यांना पाठवता, तुम्ही स्वतः का जात नाही एकदा?"

"जाईन की. त्यात काय मोठंसं?" ते बिनचं झाकण दाबत म्हणाले. "पण पोचल्यावर फोन कुणाला करू?"

"लेकीला करा."

"ती ड्यूटीवर असते रे. फोन व्हॉइसमेलवर जातो. आता मशीनला काय सांगायचं, पोचलो म्हणून? ते थोडंच वाट बघत बसलंय?"

"मग मला करा," मी म्हटलं.

"तुला? तुझा कशाला जीव टांगणीला लागेल?" असं म्हणून ते हसले, माझं वाकडं ठेवलेलं बिन त्यांनी सरळ केलं आणि खडीवरून आत गेले. त्यांच्या घरात एकाच खोलीत दिवा लागला. मंडळातल्या सगळ्या माणसांच्या पोचण्याची काळजी वाहणारा हा माणूस, आणि तो घरी आला की नाही हे विचारायला त्या घरात कुणी नाही. मला फार वाईट वाटलं, आणि आत जाऊन मी उगाचच माझ्या लेकीचं दप्तर आवरत बसलो.

ईस्टरच्या आधी एका रविवारी काका आमच्या दारात उभे राहिले. पायात नवे कोरे बूट. "माझं प्री-ऑप करा," म्हणाले. मी आणि बायको नुसते बघत राहिलो. आमची लेक मात्र तयारच होती. तिनं त्यांना हाताला धरून त्यांच्याच खडीवर नेलं, चालायला लावलं, आणि वाकून टाच बघून सांगितलं, "आजोबा, न्यू शूज अलाउड नाही." काका निमूटपणे जुने घालून आले. जेवताना लेकीनं कोशिंबीर मधोमध ठेवली आणि पूल ओलांडेपर्यंत त्यांना घेऊ दिली नाही.

मंडळात नुसती घबराट उडाली. काका सिएनाला जाणार म्हणजे त्या गल्लीत जाणार. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर प्रत्येकानं लिहिलं की कुणीतरी त्यांना आधीच सांगून टाका, आणि कुणीही सांगितलं नाही. मांजर सोडणाऱ्या बाईंनी मला फोन करून विचारलं, "अहो, खूप चिडतील का हो?" बर्मिंगहॅमच्या विमानतळावर सोडायला मीच गेलो होतो. गाडीत सांगावं असं ठरवलं होतं. पण काकांच्या मांडीवर हातातली पिशवी होती आणि तिच्यातून जांभळी शाल डोकावत होती. "काका, तुम्हाला कशाला ही? तुमचे खांदे झाकलेलेच असतात," मी म्हटलं. "असू दे. तिला रस्ता माहीत आहे," ते म्हणाले. मग मी नुसती गाडी चालवत राहिलो.

रोमहून फोन आला, फ्लॉरेन्सहून आला. दोन्ही वेळा "पोचलो" म्हणाले, मी "बरं झालं" म्हणालो आणि त्यांनी ठेवून दिला. पण ज्या दिवशी ते सिएनाला जाणार होते त्या दिवशी मी घरूनच काम करत होतो, म्हणजे लॅपटॉप उघडून फोनकडे बघत बसलो होतो. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते त्या दिवशी मला कळलं. रिंग वाजली, ती पुरी व्हायच्या आत मी उचलला.

"पोचलात?"

"पोचलो. त्या गल्लीतच बसलोय, पायरीवर."

मागून कुणाची तरी स्कूटर गेली. मग काका म्हणाले, "आहे बरं का दुकान. म्हातारा आहे. काठी टेकून बसलाय. गल्ल्यावर नात आहे. तुझ्या लेकीला सांग, लाल टोपी त्याला छान दिसते. आणि ते आंधळं मांजर माझ्या पायाशीच येऊन झोपलंय."

मी जिन्याच्या पायरीवर बसलो. "काका, ते आम्हीच सगळं..." मी सांगू लागलो.

"असू दे रे," ते म्हणाले. "किती जपलंत तुम्ही सगळ्यांनी त्याला."

मी विचारलं, "आइस्क्रीम मिळालं का कुठे?"

"मिळालं ना, कोपऱ्यावर. लिंबाचंच. पण पहिलं वितळायच्या आत संपलं. बोलायला कुणी नव्हतं ना. म्हणून दुसरं घेतलं आणि तुला फोन लावला."

मग मी बोलत सुटलो. तुमचं बिन आत घेतलंय म्हणालो. लेकीला शाळेच्या नाटकात झाड केलंय, त्यावरून ती रुसली आहे हे सांगितलं. पाऊस आहे म्हणालो, बेलग्रेव्ह रोडवर हापूस आला म्हणालो, मांजरवाल्या बाई घाबरून बसल्या आहेत तेही सांगितलं. काका हं, हं करत होते, मध्येच हसत होते. काकूंच्या एका मैत्रिणीची काहीतरी जुनी गंमत त्यांनी सुरू केली, त्यात दुसरी निघाली, दुसरीत तिसरी.

"अरे, थांब थांब," ते एकदम म्हणाले, "कोपरापर्यंत आलं बघ."

कोपर पुसायला त्यांनी फोन पायरीवर ठेवला असावा, कारण मग कितीतरी वेळ फोनवर फक्त त्या गल्लीतून जाणाऱ्या माणसांचे आवाज ऐकू येत राहिले.