शाळेच्या छताला मांडवाचं कापड

माझ्या हातून आयुष्यात पुष्कळ मूर्खपणा झाला, आणि त्यातला बराचसा नातवंडांना सांगण्यासारखा नाही. पण सगळ्यात देखणा मूर्खपणा म्हणजे एका गळक्या शाळेच्या छताला मी लग्नाच्या मांडवाचं कापड लावलं. गुलाबी, चुण्या पाडलेलं, मधोमध भलंमोठं फूल. डोळे मिटले की ते फूल अजून दिसतं.

नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती. मी पस्तिशीची, लग्न होऊन पुण्याहून बंगळूरला आलेली, आणि पुण्याची म्हणून अर्थातच सर्वज्ञ. आम्ही चिकपेटच्या मागच्या एका गल्लीत राहत होतो. गल्लीच्या टोकाला पालिकेची कानडी शाळा होती. शनिवारी तिथल्या मुलींना मी शिवण शिकवायला जायची. त्यांना शिवण यावं हा एक हेतू, आणि महिला मंडळात ते सहज बोलता बोलता सांगता यावं हा दुसरा. आता या वयात लपवून काय करायचं?

शाळेच्या मुख्याध्यापिका बेळगावकडच्या. मुलं, पालक, समोरचा चहावाला, सगळेच त्यांना अक्का म्हणत. ठेंगण्या, घोगऱ्या आवाजाच्या, आणि हातात कायम लांब दांड्याची काळी छत्री. वर्गातसुद्धा. कारण पाऊस वर्गातसुद्धा पडायचा.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांच्याकडे जायची वेळ आली की वरच्या साहेबांच्या पोटात दुखू लागतं. अक्का त्यातल्या. कुणी अधिकारी आला की त्या अगत्याने खुर्ची ओढायच्या, ती नेमकी गळतीखाली. "बसा की सर, इथं वारं बरं लागतंय." सरांच्या टकलावर टपकन थेंब पडला, सर दचकून सरकले, की अक्का शांतपणे म्हणायच्या, "कुठंबी बसा सर. आमच्यात पाऊस सगळ्यांस्नी सारखाच."

एका कापडाच्या शेटने छत दुरुस्त करून द्यायची तयारी दाखवली, तर अक्कांनी त्याच्याकडून मुलांसाठी वह्या आणि चपला घेतल्या आणि छताला नाही म्हणून सांगितलं. मी त्यांच्याशी भांडले. मिळतंय तर घ्यावं, मुलं भिजताहेत, वगैरे. त्या म्हणाल्या, "वह्या शेटच्या मर्जीच्या. छत पालिकेचं. एकदा शेटनं केलं की पालिका म्हणणार, जावा, शेटलाच विचारा. शेट काय जन्मभर पुरणार हाय? दिसू दे. बघणाऱ्याला लाज वाटूस्तोवर दिसू दे."

मला वाटलं, बाई हट्टी आहे. शिवाय थोडी गलिच्छही.

पालिकेचं उत्तर मात्र दर वर्षी तेच, तिजोरीत पैसा नाही. दोन शिक्षक निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. पैसा नाही. मग एकाच खोलीत तिसरी पूर्वेच्या भिंतीकडे तोंड करून आणि चौथी पश्चिमेच्या, मधे एक बाई गोल गोल फिरत. नळ आटला. पैसा नाही. मुलींच्या संडासाचं दार पडलं, तर मुली पाणी प्यायच्या बंद झाल्या. पैसा नाही. त्याच वर्षी जवळच्या चौकात कारंजं उभं राहिलं, रात्री हिरवं-लाल होणारं. ते पाहायला मी मुलांना घेऊन गेले होते आणि किती छान म्हणाले होते. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायच्या जागा आयुष्यात कमी नसतात, ही त्यातली एक.

अखेर अक्कांनी चपला झिजवून झिजवून पालिकेच्या एका इंजिनिअरला शाळा पाहायला यायला लावलं. त्याने छत नवं करायला हवं असं लिहिलं, तर पुढल्या अंदाजपत्रकात रक्कम धरली जाणार होती. नाही लिहिलं, तर शाळा बंद करून मुलं मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत पाठवायची असं पालिकेत घाटत होतं. लॉऱ्या, हातगाड्या, हमालांनी भरलेला तो रस्ता. लहान मुलं बापाचा हात धरून कशीबशी जातील, पण दहा-बारा वर्षांच्या मुलींना आया पाठवणार नाहीत, हे अक्कांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर त्यांनी भेटीची वेळ मुद्दाम ऐन पावसाळ्यातली मागून घेतली होती.

आदल्या दिवशी अक्का तापाने फणफणल्या. किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "काय करू नका. नुसती दारं उघडा."

आता मला सांगा, पाहुणे येणार आणि काही करू नका? आमच्या घरी असं कुणी शिकवलंच नव्हतं. मी मांडववाल्याला बोलावलं. छताखाली ताडपत्री, ताडपत्रीखाली गुलाबी कापड. उघड्या पडलेल्या सळ्या, ओल, बुरशी, सगळं झाकलं. दारात रांगोळी काढली. डबाभर केसरीबात केला, म्हणजे आपला शिराच, पण रंगाने भडक.

सकाळी इंजिनिअर आला, खुर्चीवर कोरडा बसला, वर पाहून खूश झाला. त्याने पहिला घास घेतला आणि दारात अक्का उभ्या राहिल्या, डोक्याला मफलर, अंगात ताप. त्यांनी वर पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"कुणाचं लगीन हाय?"

आणि त्या बाकावर चढल्या, छत्रीचा वाकडा दांडा कापडात अडकवला आणि ताडपत्रीसकट ओढला. रात्रभर ताडपत्रीत साठलेलं पाणी भसकन खाली आलं, त्यामागून गिलाव्याचा एक पोपडा, तो थेट केसरीबातात. वर सळ्या लख्ख दिसू लागल्या. माझं फूल एका खिळ्याला लोंबत राहिलं.

इंजिनिअरने बाही झटकली. छताकडे त्याने नीट पाहिलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मग तो कानडीत म्हणाला की, मांडव घालून देणारी माणसं तुमच्यापाशी आहेत, तर छतही तीच घालून देतील. ज्यांना कुणी नाही अशा शाळा आधी.

त्याने लिहिलं, लोकांचा सहभाग उत्तम, तूर्त खर्चाची गरज नाही. आणि पुढल्या उन्हाळ्यात त्याच कचेरीतून पत्र आलं की इमारत धोकादायक आहे, शाळा बंद करावी. ज्या छताला दुरुस्ती लागत नव्हती, ते वर्षाच्या आत खाली बसायलाही लायक उरलं नाही. दोन्ही कागदांवर सही त्या एकाच माणसाची.

मुली शाळेतून गळाल्या, अक्का म्हणाल्या होत्या तशाच. नागरत्ना म्हणून एक होती, शिवणात माझ्याहून सफाईदार. ती आईबरोबर फुलांच्या पाटीशी बसू लागली. मी समोरून गेले की गजरा पुढे करायची, पण मान वर करायची नाही.

शाळेच्या जागी पालिकेने दुकानं काढली. अक्कांची बदली बेळ्ळंदूरला झाली. तेव्हा तिथे तळं आणि भाजीचे मळे, बाकी काही नाही. पालिकेच्या जिन्यात गोंधळ घातल्याची ती शिक्षा होती. त्या गोंधळात मीही होते, आणि तेवढी एकच गोष्ट मी मंडळात कधी सांगितली नाही. पुढे अक्कांची भेट झाली नाही.

त्या जिन्यात मी गेले कशी, ते सांगते. शाळेतले बाक लॉरीत चढत होते तो दिवस. रिकाम्या वर्गात भिंतीला टेकून मी हुंदके देत होते, सगळं माझ्यामुळे, माझ्यामुळे, असं म्हणत. अक्का छत्री टेकत आत आल्या. मग म्हणाल्या,

"गप बसा बघू. तुमचं कापड एक दिवस होतं, छत मी यायच्या आधीपासनं गळतंय. तुम्ही असं रडलासा की त्यांचं बरंच झालं की, पाप तुमच्या नावावर गेलं. रडायचंच असलं तर पालिकेच्या जिन्यात बसून मोठ्यानं रडा. स्वल्प थांबा, ही शेवटची लॉरी जाऊ दे, मग दोघी जाऊ."