एकट्याने: हो की नाही

"मी माझी कामं एकट्याने करू शकतो. हो की नाही?" मी जमनाला विचारलं.

आम्ही दोघं ओट्यावर मक्याची कणसं सोलत होतो. जमना माझी बायको. दुसऱ्या दिवसापासून मला आश्रमशाळेतल्या पोरांना हेच प्रश्न विचारायचे होते, म्हणून तिच्यावर सराव चालला होता.

"नाही," ती म्हणाली. "एकटी का करू? गावातली माणसं मेली का?"

"मग तुला मार्क कमी पडले."

"चुलीत घाल तुझे मार्क."

हसली आणि दाणे सुपात ओतले. पहाटे ती उठलीच नाही.

तिचे दिवस झाले आणि मी कामावर गेलो. घरात बसून भिंतींशी बोलू का?

माझं काम दुभाष्याचं. माझी शाळा चौथीपर्यंत, गाव मोलगीच्या वर डोंगरात. सर्व्हेवाल्यांना भिली येत नाही. पोरांना पुस्तकातलं मराठी कळतं, पण मनातलं त्यात सांगता येत नाही. मध्ये मी. आमचं बोलणं भिलीतलंच, इथे मराठीत लिहितो आहे.

या वेळची प्रश्नावली आत्मसन्मानाची होती. म्हणजे पोर स्वतःची किंमत किती समजतं, ते मोजायचं. ती शहरात तयार झालेली. आमच्या पोरांवर ती खरी उतरते का, हे बघायचं होतं. त्याला व्हॅलिडिटी म्हणतात. ताप मोजायला कोणी वजनकाटा आणला, तर काटा कितीही चांगला असला तरी काय उपयोग? तसंच हे. प्रश्नावली पास झाली की सगळ्या आश्रमशाळांत जाणार होती. ज्याला मार्क कमी, त्याच्या फाइलवर 'आत्मसन्मान कमी' असं लिहिलं जाणार होतं. पुसणार कोण ते?

पद्धत अशी, की पोराने उत्तर दिलं की सर्व्हेची मॅडम विचारणार, असं का म्हणालास. मॅडम वयाने लहान, पण काम चोख. तिच्या वर सर, नंदुरबारचे. त्यांना रिपोर्टची घाई.

'एकट्याने' या प्रश्नाला जवळजवळ सगळी पोरं नाही म्हणायला लागली. मॅडम थांबली.

"बाबा, बाकी प्रश्नांना हीच मुलं ताठ उत्तरं देतात. इथेच काय होतंय?"

"तुम्हीच विचारा. मी सांगितलं तर ते माझं होईल."

समोर सहावीतली शेवंती होती. मॅडमने विचारलं, मी भिलीत सांगितलं. शेवंतीने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मलाच अक्कल नाही.

"ज्याच्याकडे कोणी येत नाही, तो एकटा करतो," ती म्हणाली. "आमच्याकडे निंदणीला सगळा पाडा येतो. माझा बाप कोणाशी भांडत नाही."

मान वर करून सांगत होती. आमच्याकडे एकाचं काम निघालं की सगळे जातात. मजुरी नाही, मालकाने जेवू घालायचं. पुढच्या वेळी त्याने दुसऱ्याकडे जायचं. म्हणजे जी पोर अभिमानाने बोलत होती, तिलाच मार्क कमी.

सर आले. "मुलांना प्रश्न कळत नाहीये. असं विचारा, वेणी तू स्वतः घालतेस ना? मग हो म्हण."

"म्हणेल हो. मग ते उत्तर पोरीचं का तुमचं?"

"तुमनं काम विचारानं शे, बाबा. शहानपन करानं नही." चिडले की सर अहिराणीवर येतात.

"विचारलं ना. ती नाही म्हणाली. माझी बायकोही नाहीच म्हणाली होती. तिला कमी मार्क देणारा अजून जन्मायचाय."

मॅडम खाली मान घालून शेवंतीचा शब्द न् शब्द लिहीत होती. ती थांबली नाही, हे मी बघितलं.

"उद्यापासून येऊ नका," सर म्हणाले.

"आजपासूनच," म्हटलं आणि चालत घरी आलो.

शेतात तूर वाळून उभी होती. जमना गेल्यावर शेजारचा वेस्ता विचारायला आला होता, माणसं कधी बोलावतोस. मी त्याला परत पाठवलं होतं. रांधणारी गेली, जेवू कोण घालणार? माझं मी बघतो म्हटलं. आता रोज एकटाच वाकत होतो. तुरीची एक ओळही संपत नव्हती आणि शेंगा तडकून दाणे मातीत जात होते.

मग मॅडमचा फोन आला.

"बाबा, तो प्रश्न काढला. मुलांची कारणं जोडून पाठवली होती, वरच्यांनी मान्य केली. सर अजून चिडलेत."

"चिडू देत. चिडून जेवण तर सोडणार नाहीत ना?"

ती हसली. "तुमची तूर निघाली का?"

"एकट्याने होत नाही," मी म्हणालो. तोंडातून गेल्यावर मलाच ऐकू आलं.

इतक्या वर्षांच्या सर्व्हेतून मी एवढंच शिकलो. उत्तर पटलं नाही तर प्रश्न तपासावा, पोर दुरुस्त करायला जाऊ नये. सरांनी मला परत बोलावलेलं नाही. नको बोलावू देत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जमनाचं मोठं पातेलं राखेने घासलं, डाळ शिजत लावली आणि वेस्ताच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"तूर उभी आहे," म्हटलं. "या सगळे. डाळ कशी होईल, सांगता येत नाही."

"आत्ता तोंड उघडलं का," तो म्हणाला आणि विळा आणायला आत गेला.