रानरस्त्याचे टायर

आर्वो केस्किटालोला वाईट म्हणणारा माणूस कॅनडातल्या थंडर बेच्या आसपास शोधून सापडला नसता. शेजाऱ्याच्या दारातला बर्फ न सांगता उपसून द्यायचा, वाफेच्या अंघोळीची सौना तापवली की चार घरांना हाका मारायचा. पण एकदा एखादी गोष्ट डोक्यात बसली की बसली! मग कुणी कितीही डोकं फोडा, हा आपला ढिम्म.

त्या वर्षी गाडीचे टायर पार गुळगुळीत झाले होते आणि मूस हरणांच्या शिकारीचा मोसम तोंडावर आलेला. आर्वोच्या रानातल्या कॅम्पचा रस्ता म्हणजे नुसता चिखल, ओंडके आणि धारदार दगड. घरात गाडी एकच, ती एसयूव्ही. दुकानात डेनिसनं दोन टायर त्याच्या पुढ्यात मांडले. एक विंटर टायर, मऊ रबराचा, अंगभर बारीक चिरा पाडलेला. दुसरा ऑल-टेरेन, कसल्याही वाटेवर चालणारा, जाड दातांचा, दिसायला अगदी पैलवान.

“हिवाळ्यात गाडी जास्त चालवतं कोण?” डेनिसनं विचारलं.

“आमची ही, आयली. दर गुरुवारी जाते ना बहिणीकडे, शहरात.”

“मग विंटरच घे बाबा. नाहीतर दोन्ही घेऊन ठेव, मी बदलून देत जाईन.”

“आणि उरलेले चार ठेवू कुठे, सौनात? अरे, ह्याच्याही कडेला बर्फात चालतो म्हणून शिक्का आहे की! आणि फोर-व्हील ड्राइव्ह काय शोभेला दिलीय?”

डेनिस हसला आणि पैलवान गाडीला चढले. आता आर्वोचं अगदीच चुकलं असंही नाही हो. रानात, गुडघाभर ताज्या बर्फात ते टायर रेड्यासारखे मुसंडी मारत जायचे. पण शहराच्या अलीकडच्या उतारावर बर्फ ताजा नसतो, ट्रकांनी दाबून दाबून त्याची काच झालेली असते. तिथं ते कडक रबर काय धरणार, कपाळ? आर्वोनं टायर घेतले ते स्वतःच्या रस्त्यासाठी. बायकोचा रस्ता वेगळा आहे, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नाही.

तिची बहीण लेम्पी शहरातल्या वृद्धाश्रमात होती. आई लवकर गेली तेव्हा आयलीची वेणी घालण्यापासून सगळं हिनंच केलेलं. आता कान पार गेले होते, समोर बसून मोठ्यानं बोललं तरच कळायचं; फोनवर बोलायची सोयच उरली नव्हती. म्हणून दर गुरुवारी आयली वेलदोडा घातलेला पुल्ला, म्हणजे फिनिश गोड पाव, भाजून घेऊन जायची. दोघी तो कॉफीत बुडवून खायच्या आणि आपल्या फिनिश भाषेत सगळ्या जगाच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी त्या उतारावर पुढचा ट्रक हळू झाला. आयलीनं ब्रेक दाबला. गाडी थांबायचं नाव घेईना. आडवी झाली, फिरली आणि कडेच्या बर्फाच्या ढिगात जाऊन रुतली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण ट्रकवाल्यानं गाडी ओढून काढली तशी ती तडक घरी परतली.

“अरे, मी हळूच होते रे. ह्या टायरांना पकडच नाही. दुसरे घाल ना.”

आर्वो गाडीभोवती फिरून कुठे पोचा पडलाय का ते बघत होता. “टायरांना नावं ठेवू नकोस. ब्रेक तू गच्च दाबलास. जन्म इथं गेला आणि बर्फावर गाडी चालवता येईना, कमाल झाली बाई तुझी!”

आयलीनं किल्ली खुंटीला अडकवली. त्यानंतर हिवाळाभर तिनं ती उचलली नाही.

“मी नेईन की तुला,” आर्वो म्हणाला, आणि अगदी मनापासून म्हणाला. पण गोठलेल्या तळ्यावर त्याची मासे धरायची टपरी होती, आणि मासे लागायचे तेही नेमके गुरुवारी! मंडळी बोलवायला यायची. “पुढच्या गुरुवारी नक्की,” हा म्हणायचा. एकदा नेलंही. मग परत पुढचा गुरुवार. आयली पुल्ला भाजायची आणि घरातच संपवायची. फोन केला की तिकडची परिचारिका लेम्पीच्या कानाशी तो धरायची आणि लेम्पी ओरडायची, “कोण? कोण बोलतंय?”

“गुरुवार आला की ती केस विंचरून बसते म्हणे,” आयलीनं एकदा सांगितलं. “वाट बघते रे.”

“नेतो म्हटलं ना!” आर्वो म्हणाला.

हिवाळा सरता सरता लेम्पी झोपेतच गेली.

अंत्यविधीला जाताना गाडी आर्वो चालवत होता. तोच उतार, सकाळची वेळ. पुढे सिग्नल लाल झाला तसा त्यानं ब्रेकवर नुसता पाय टेकवला. गाडी आपली चाललीच. त्यानं पाय सोडला, परत टेकवला, सगळी कसरत केली. कडेच्या ढिगाला घासत गाडी कशीबशी थांबली. आपण हिला काय काय बोललो ते सगळं त्याला आठवलं आणि जीव नकोसा झाला. आयली काचेबाहेर बघत होती. तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तरी त्याला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, “चल, उशीर होतोय.”

पुढच्या शरदात शिकारीच्या आधीच त्यानं डेनिसकडून विंटर टायर बसवून घेतले आणि त्या मऊ टायरांना रानातले दगड सोसायचे नाहीत, तेव्हा यंदा कॅम्पला येत नाही म्हणून मित्रांना कळवलं. “बायकोनं वेसण घातली वाटतं!” ते खिदळले. त्यानं ऐकून घेतलं.

पहिला बर्फ पडला त्या दिवशी त्यानं गाडी गरम करून दारात आणली आणि आयलीला हाक मारली.

“ये, बघ तरी! जागच्या जागी थांबते. चालवून बघ, मी बाजूला बसतो. नाहीतर एकटी जा.”

आयली शाल गुंडाळून बाहेर आली. वाकून तिनं टायरच्या चिरांवरून बोट फिरवलं.

“छान आहेत,” ती म्हणाली. “पण आर्वो, आता मी जाऊ कुणाकडे?”